योगाचा वर्ग आणि योगाचा विद्यार्थी

दरवर्षी २१ जून उजाडला की मैदाने माणसांनी भरून जातात आणि ध्वनिक्षेपकाच्या आज्ञेसरशी हजारो हात एकाच क्षणी वर जातात. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये हा दिवस मुक्रर केला आणि पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राजपथावर ३५ हजार ९८५ जणांनी एकत्र आसने करून विक्रम नोंदविला. या उत्साहाला नाक मुरडण्याचे कारण नाही. दिवसभर खुर्चीला खिळलेले कारकून आणि प्राध्यापक त्या निमित्ताने सतरंजीवर आले, हा लाभ थोडा नव्हे. परंतु ध्वनिक्षेपक सर्वांना एकच आज्ञा देतो. रांगेतील एकाला रक्तदाब आहे, दुसऱ्याच्या मणक्याची चकती सरकली आहे, तिसरीला काचबिंदू आहे, याची त्याला वार्ता नसते. शीर्षासनात डोळ्यांतील दाब वाढतो, म्हणून काचबिंदूच्या रुग्णाने ते टाळावयाचे असते. सरकारी अभ्यासक्रमात शीर्षासन नाही हे खरे. पण गल्लोगल्लीच्या वर्गांतून ते मोठ्या हौसेने करवून घेतले जाते.

वस्तुतः सामुदायिक कवायत हे या विद्येचे मूळ रूपच नव्हे. ‘घेरंडसंहिता’ हा एका गुरूचा एका शिष्याशी झालेला संवाद आहे. विसाव्या शतकात कृष्णम्माचार्यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत तरुण मुलांकडून कठोर आसने करवून घेतली हे प्रसिद्धच आहे. मात्र पुढे मद्रासमध्ये त्यांच्याकडे संसारी, वयस्क आणि दुखणाईत माणसे येऊ लागली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाचे वय, श्वास, व्यवसाय आणि व्याधी पाहून निरनिराळा अभ्यास नेमून दिला. त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी १९७६ साली स्थापन केलेल्या संस्थेने हीच पद्धती पुढे चालविली. १९३७ साली पुण्यास आलेले त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, ठोकळे, खुर्च्या व लोड वापरून ताठरलेल्या शरीरालाही आसन साधेल असे केले. १९५२ साली थकवा आणि निद्रानाश यांनी गांजलेला व्हायोलिनवादक मेन्युहिन त्यांना मुंबईत भेटला, तेव्हा त्यांनी त्याला काही रांगेत उभे केले नव्हते.

आज ही वैयक्तिक शिकवणी पुन्हा दिसते. पण ती बहुधा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात. ज्याला पैसे मोजता येतात त्याच्या घरी शिक्षक जातो, आणि ज्या शिक्षिकेची कंबर वर्गात उभे राहून मोडली आहे तिने मात्र चाळीसजणींच्या घोळक्यात जमेल तेवढे वाकावे! व्यक्तिशः शिकविणे खर्चिक असते, असे यावर सांगितले जाते. हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. मद्रासच्या पद्धतीत शिक्षक रोज समोर बसत नाही. तो एकदा तपासून अभ्यास बेतून देतो, विद्यार्थी तो घरी करतो, आणि काही आठवड्यांनी परत आल्यावर त्यात फेरबदल होतो. चाळीस विद्यार्थ्यांना महिन्यातून अर्धा अर्धा तास दिला तर वीस तास होतात. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर रोजचा एक तासही पडत नाही. रोज सकाळी तासभर वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला यापेक्षा अधिक वेळ खर्चावा लागतो.

खरी अडचण शिक्षकांच्या तयारीची आहे. आयुष मंत्रालयाने योगशिक्षकांना प्रमाणपत्रे देण्यासाठी २०१८ साली मंडळ नेमले. परंतु त्याची पहिली पायरी सर्वांसाठी ठरलेला एकच क्रम शिकविण्याची आहे. समोरच्या माणसाला काय करू द्यावयाचे नाही, हे ओळखण्यास दीर्घ उमेदवारी लागते. प्रत्येक दुखण्यावर आसन सांगणाऱ्यांचा सुळसुळाट असताना, ‘आधी डॉक्टरांना दाखवून या’ असे म्हणण्याचे धैर्यही शिक्षकाजवळ असावे लागते. लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून योगाची शास्त्रीय तपासणी होत आली आहे. अशा संस्थांकडे शासनाने ही उमेदवारी सोपवावी. आरोग्य केंद्रांतून आज योगाचे वर्ग भरतात. तेथेच आठवड्यातील दोन सायंकाळी वर्ग बंद ठेवून, नोंदवहीत नाव, वय आणि दुखणे लिहून घेऊन, एकेका माणसाला स्वतंत्र भेटण्याची व्यवस्था करावी. त्यासाठी नवी इमारत नको. एक खोली, दोन सतरंज्या आणि एक खुर्ची एवढे पुरे.