टॉवर दिसतो, पण रेंज कुठाय?

दोस्तांनो, दिवा–रोहा गाडीनं कधी गेलायत? पेण येतं, गणपतीच्या मूर्तींचं गाव. मग कासू, नागोठणे, आणि शेवटी कुंडलिकेच्या काठावरचं रोहा. वाटेत मोबाइलचे टॉवर दिसतात. बघून वाटतं, इथं इंटरनेटला काय तोटा! पण स्टेशनवर उतरा आणि डोंगराकडच्या ठाकूरवाडीची नाहीतर कातकरवाडीची वाट धरा. एखाद्या वळणावर फोनवरच्या रेघा एकेक करून गळायला लागतात.

असं का होतं, सांगा पाहू? मोबाइलच्या लहरींना डोंगर आडवा आला की त्या क्षीण होतात. टॉवरलासुद्धा वीज लागते, शिवाय तो तारेनं किंवा दुसऱ्या टॉवरशी जोडलेला असावा लागतो. आणखी एक गंमत. "शाळेला सुट्टी आहे" एवढा निरोप पाठवायला अगदी थोडी माहिती लागते, तर मिनिटभराच्या चित्रफितीला तिच्या हजारोपट! म्हणून रेंज अर्धवट असली की निरोप येतो, पण बाईंचा तास गोल गोल फिरत राहतो.

हे सगळं २०२० साली एकदम उघडं पडलं. कोरोनामुळे मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. १५ जूनपासून नवं वर्ष ऑनलाइन सुरू करायचं ठरलं. आणि त्याआधी बाराच दिवस, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं! हजारो विजेचे खांब पडले, कौलं-पत्रे उडाले. किनाऱ्याकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विजेविना फोन चार्ज कुठे करणार? मुंबईतली मुलं पडद्यावर "प्रेझेंट मिस" म्हणत होती, तेव्हा इथल्या मुलांच्या घरावर छप्परही नव्हतं.

"शाळा बंद, पण शिक्षण आहे" या उपक्रमातून रोजचा अभ्यास शिक्षकांच्या फोनवर यायचा. तिथून पुढे पालकांच्या फोनवर. पण फोनच नसला तर? २०२० च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हाच आकडा साडेछत्तीस होता. वाढ चांगली आहे, नाही का? पण थांबा. 'घरी फोन आहे' म्हणजे 'मुलाच्या हातात फोन आहे' असं थोडंच! बाबा सकाळी कामाला जातात, फोन त्यांच्या खिशात. रात्री आला तर दादा आणि ताईचं भांडण, आणि बहुतेक वेळा माघार कोण घेतं ते तुम्हीच आठवून बघा.

त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीसाठी. टीव्हीला नेट लागत नाही, म्हणून मला ती कल्पना फार आवडली होती. पण कातकरी कुटुंबांपैकी बरीचशी पावसाळा सरला की वीटभट्टीवर कामाला जातात, मुलांना घेऊन. भट्टीवरच्या झोपडीत टीव्ही कुठला? महाराष्ट्रातल्या ज्या तीन आदिवासी जमाती सरकार सगळ्यांत दुर्बळ मानतं, त्यांत कातकरी आहेत. ज्यांची शाळा आधीच सुटत होती, त्यांचीच आणखी सुटली.

"पण आता शाळा सुरू झाल्या की हो!" असं म्हणाल. खरं आहे. मात्र कुलूप दुसऱ्याच दारावर लागलंय. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. पूर्वी तो मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांतच तसा होता. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळ बंद पडलं आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. घरी कॉम्प्युटर असलेल्यानं काय केलं असेल? बंद केला आणि जेवायला बसला! पण वाडीवरची मुलगी रिक्षाला पैसे देऊन, बाबांची एका दिवसाची मजुरी बुडवून पेणला किंवा रोह्याला येते, सेवा केंद्राच्या रांगेत उभी राहते, आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" ऐकते. उद्या म्हणजे पुन्हा रिक्षा, पुन्हा मजुरी. शिवाय जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, तेही ऑनलाइनच.

ऑनलाइन प्रवेश वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही बरं का. गुणवत्ता यादी सगळ्यांना दिसते, वशिल्याला जागा कमी उरते आणि दहा कॉलेजांत दहा अर्ज भरत फिरावं लागत नाही. तक्रार एवढीच, की आत जायला तेवढं एकच दार ठेवलंय. २०१९ साली केरळच्या उच्च न्यायालयानं एका विद्यार्थिनीच्या बाजूनं निकाल देताना इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क असेल, तर तो मिळवायला मजुरी का बुडावी?

आईबाबांनो, ही ओळ तुमच्यासाठी. दहावीचा निकाल लागण्याआधीच शाळेत विचारा: अर्ज शाळेच्या कॉम्प्युटरवरून भरून मिळतील का? एका पालकानं विचारलं तर "बघू" म्हणतात, वीस जणांनी विचारलं तर कॉम्प्युटरची खोली उघडते. आणि दोस्तांनो, तुमच्या वर्गात वाडीवरून येणारं कुणी असेल, तर दाखल्यांची यादी त्याला आत्ताच सांगा. उत्पन्नाचा दाखला मिळायला वेळ लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात रांग सगळ्यांत लांब असते.