लक्ष्मीचा एकच चेहरा

राजा रविवर्म्यांच्या देवदेवतांच्या चित्रांवर आमचे कलापंडित शंभराहून अधिक वर्षें एकच आरोप घोळवीत आले आहेत : हीं चित्रें विलायती वळणाचीं, म्हणून त्याज्य. भगिनी निवेदिता व आनंद कुमारस्वामी यांनीं हा खटला उभा केला. मागून आलेल्यांनीं तो पाठ केला, इतकेंच. आम्हांस हा आरोप पोकळ वाटतो. तैलरंग विलायतेचे, हें खरें. पण ज्या महाविद्यालयांत हे पंडित शिकले व ज्या मासिकांत ते लिहितात, त्यांचें वळण तरी कोठलें?

आमची तक्रार निराळी आहे. १८९४ सालीं रविवर्म्यांनीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. १८९६ सालची त्यांची लक्ष्मी छापली जाऊन घरोघर पोंचली. देवळाची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्याही भिंतीवर ती आली. हें पुण्य मोठें आहे, व तें नाकारणाऱ्याशीं आम्ही भांडूं. परंतु कमळावर उभी असलेली ती गोरी, जरीकांठी साडी नेसलेली स्त्री लक्ष्मीचें एक चित्र म्हणून राहिली नाहीं. लक्ष्मी अशीच, असें ठरून गेलें! वेरूळच्या कैलासांतील गजलक्ष्मी पाहतांना ती दगडाची आहे याचा विसर पडत नाहीं. पाहणारास आपल्या कल्पनेचा वांटा उचलावाच लागतो. रविवर्म्यांचा छायाप्रकाश इतका हुबेहूब कीं, चित्र हें साक्षीपुराव्यासारखें भासतें, आणि पुराव्यापुढें कल्पना गप्प बसते.

याचा परिणाम पुण्यामुंबईंत दिसावयाचा नाहीं. तेथें सर्वांची लक्ष्मी आधींच एक झालेली आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मुलचेरा तालुका घ्या. तेथील गोंडांच्या पेनाला मनुष्याचें मुख नाहीं. तो लाकडांत, लोखंडांत, दगडांत वसतो. शेजारींच फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती. त्यांच्या लक्ष्मीपाशीं घुबड बसतें, तें घुबड आमच्याकडे अशुभ! (शुभाशुभाचे असे पाठभेद आम्हांस तर आवडतात.) आणि दिनदर्शिकेवरची लक्ष्मी? ती मात्र मळवलीच्याच वंशांतली.

१९७९ सालीं सरकारनें रविवर्म्यांचीं चित्रें राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केलीं, तें योग्यच झालें. पंडितांना आमचें विचारणें इतकेंच : ज्या मुलीच्या आजोबांनीं बिनमुखाच्या देवापुढें आयुष्यभर डोकें टेकलें, तिला पाटीवर देव काढावयास सांगितलें, तर ती कोणाचा चेहरा काढील, आणि तो काढून झाल्यावर आजोबांच्या देवाकडे कोणत्या नजरेनें पाहील?