'हे' आणि 'ते'

गेली २० वर्षे मी नागपुरात मराठी व्याकरण शिकवतो आहे. 'हा, ही, हे' जवळचे आणि 'तो, ती, ते' दूरचे, हा दर्शक सर्वनामांचा धडा मी झोपेतही म्हणून दाखवीन. तृतीय पुरुषाला मराठीत वेगळे सर्वनाम नाही. या दोघांवरच आपला संसार चालतो. अमरावती-अकोल्याकडची मुले 'तो'ला 'थो' म्हणतात, सीताबर्डीवर 'हा' आणि 'ही' दोन्ही हिंदीतल्या 'ये'त विरघळतात. पण जवळ कोण आणि दूर कोण, यात कुणी चुकत नाही.

परवा हंगेरियन भाषेचे व्याकरण चाळत होतो. तिथेही हीच जोडी : 'एझ' म्हणजे हे, 'ऑझ' म्हणजे ते. लिंगाची कटकट नाही. मुलगा, मुलगी, मूल, सर्वांना एकच 'एझ'. माझे विद्यार्थी खूष झाले असते! पण पुढे मेख होती. आपण 'ह्या घरात' म्हणतो. प्रत्यय एकट्या घराला लागतो. हंगेरियन माणसाला मात्र 'ह्यात घरात' असे म्हणावे लागते, शिवाय मध्ये एक उपपद. प्रत्ययाचे ओझे दोघांनीही उचलायचे.

आई करंजीवर कातणे फिरवीत होती. तिला हे सांगितले, तर म्हणाली, "दोघांनी उचलायचं ना? मग बरं आहे की."

मला १० वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. बाबा गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी आईला एका कचेरीत नेले होते. कारकुनाने विचारले, "अर्ज कुणाबद्दल?"

"ह्यांच्याबद्दल."

कारकुनाने माझ्याकडे पाहिले. "हे तर समोर उभे आहेत, बाई!"

"आई, नाव सांग," मी हळूच म्हटले. बाबांचे नाव तिने जन्मात फक्त उखाण्यात घेतलेले. तिने पदर सावरला आणि कागदावरच्या नावावर बोट ठेवले. "हे."

परतताना रिक्षात माझ्यातला मास्तर गप्प बसेना. म्हटले, "आई, आता 'ते' म्हणायला हवं. गेलेलं माणूस दूरचं."

ती बाहेर बघत म्हणाली, "ते तुझ्या पुस्तकात."

त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

काल फराळाचे डबे भरताना ती सुनेला सांगत होती, "चिवड्यात खोबरं जरा जास्त घाल गं, ह्यांना लागतं."

सर्वनाम जवळचे, काळ वर्तमान. मी मुकाट्याने खोबऱ्याचे काप करायला बसलो.