मनीऑर्डरचा फॉर्म आणि फितुरीचा शिक्का



निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते, "तो त्यांचा माणूस, त्याचा काय भरवसा?" 'ते' म्हणजे ज्यांची घरे गावात थोडी, ते. एवढे म्हटले की त्या माणसाने काम काय केले, मागितले काय, ही चौकशीच संपते. या वाक्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हे पाहायला शेजारच्या देशातला दाखला घेऊ. तिथे थोडके होते ते हिंदू. म्हणून आपल्याला तो चटकन समजेल.

धीरेंद्रनाथ दत्त हे पूर्व बंगालमधील कुमिल्ल्याचे वकील, काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. फाळणी झाली तरी ते भारतात आले नाहीत. आपल्या मातीतच राहिले आणि पाकिस्तानच्या घटना समितीचे सभासद झाले. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी कराचीत त्यांनी एक साधी दुरुस्ती मांडली. सभागृहात इंग्रजी आणि उर्दूच्या जोडीला बांगलाही चालावी. हिशेब सरळ होता. देशाची लोकसंख्या ६ कोटी ९० लाख, त्यात बांगला बोलणारे ४ कोटी ४० लाख.

आणि उदाहरण दिले ते शेतकऱ्याचे. पोरगा ढाक्याला शिकतो. बाप त्याला पैसे पाठवायला गावच्या पोस्टात जातो, तर मनीऑर्डरचा फॉर्म उर्दूत. तो समजून घ्यायला दूरचे शहर गाठावे लागते. जमिनीचा व्यवहार करायचा तर स्टँपवर किंमत उर्दूत आणि इंग्रजीत. मोजलेल्या पैशांचा स्टँप हातात पडला की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही.

पंतप्रधान लियाकत अली खान यांनी या अडचणीवर उपाय सांगितला नाही. दुरुस्तीमागे देशात फूट पाडण्याचा हेतू आहे, असा आरोप केला. दुरुस्ती फेटाळली गेली. पूर्व बंगालच्या एकाही मुसलमान सभासदाने तिला पाठिंबा दिला नाही.

आता विचार करा. पोस्टात अडलेला तो शेतकरी कोण होता? पूर्व बंगालात नांगर धरणारे बहुतेक मुसलमानच. मागणी त्यांच्या सोयीची होती. पण बोलणारा हिंदू, म्हणून मागणीच फितूर ठरली. शिक्का दत्तांच्या कपाळी बसला आणि फॉर्म मात्र मुसलमान शेतकऱ्याच्या हातात तसाच राहिला.

शिक्का एकदा चालतो असे दिसले की तो एकावर थांबत नाही. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात हीच मागणी करणाऱ्यांवर गोळीबार झाला. मेले ते मुसलमान तरुण. १९५६ च्या घटनेत बांगलाला राज्यभाषा मानावेच लागले. पुढे १९६६ मध्ये शेख मुजीबुर रहमान यांनी सहा मागण्या मांडल्या. परकीय चलनाचा हिशेब दोन्ही भागांचा वेगळा ठेवा, ही त्यांतली एक. ते चलन मुख्यतः तागाचे होते. आपला कापूस तसा त्यांचा ताग. १९६८ मध्ये मुजीबांवरच भारताशी कट केल्याचा खटला भरला.

शिक्का सातबाऱ्यापर्यंतही पोचतो. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने 'शत्रूची मालमत्ता' असा हुकूम काढला. कुटुंबातला एखादा भारतात गेलेला असला की मागे राहिलेल्या कित्येक हिंदूंच्या जमिनी त्या नावाखाली गेल्या. ज्यांच्या घशात त्या गेल्या, त्यांना देशप्रेमाशी काही देणेघेणे नव्हते.

दत्त तरीही देश सोडून गेले नाहीत. मार्च १९७१ मध्ये लष्कराने त्यांना मुलगा दिलीप याच्यासह कुमिल्ल्याच्या घरातून नेले. दोघेही परत आले नाहीत. वय चौऱ्याऐंशी.

आपल्याकडे असे होत नाही, या भ्रमात राहू नका. २०२०-२१ मध्ये पंजाबचे शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले तेव्हा त्यांना 'खलिस्तानी' म्हणणारे निघालेच. ते तीन कायदे बरे की वाईट, यावर शेतकऱ्यांत दोन मते होती आणि ती असावीत. पण पगडी पाहून मत ठरवणे म्हणजे वादातून पळ काढणे.

अल्पसंख्य पुढाऱ्याला प्रश्नच विचारू नयेत, असे मी म्हणत नाही. जरूर विचारा. पैसा खाल्ला असेल तर हिशेब मागा, शेतकऱ्याच्या विरोधात मत दिले असेल तर जाब मागा. फितुरीचा पुरावा असेल तर कोर्ट आहे. फक्त बैठकीत असा आरोप कानावर आला की तीन गोष्टी तपासा. त्याने नेमके मागितले काय? त्या मागणीला उत्तर मिळाले का? आणि हेच वाक्य आपल्या जातीधर्माच्या माणसाने उच्चारले असते, तर आपण त्याला फितूर म्हटले असते का?

बियाणे आपण पिशवीवरचे चित्र पाहून घेत नाही, उगवण पाहतो. माणसालाही तीच कसोटी लावा.