डॉक्टरांना दारूबद्दल खरं सांगितलं तर क्लेम अडकतो का?

मार्च 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने एलआयसीच्या बाजूने एक निकाल दिला. हरियाणातल्या एका माणसाने 2013 मध्ये आरोग्य विमा घेताना अर्जात दारूचं व्यसन लपवलं होतं. पुढच्याच वर्षी तो पोटदुखी आणि उलट्यांमुळे दवाखान्यात दाखल झाला आणि दगावला. ग्राहक आयोगांनी पत्नीच्या बाजूने निकाल दिला होता, पण सुप्रीम कोर्टाने क्लेम नाकारणं योग्य ठरवलं.

यावरून कुणी म्हणेल, "डॉक्टरांसमोर दारूचं नावच काढायचं नाही." इथेच गल्लत होते. क्लेम गेला तो अर्जातल्या खोट्या उत्तरामुळे.

खरं सांगितल्याने पैशाचा तोटा कधीच होत नाही, असं मात्र नाही. दारूच्या व्यसनावरचे उपचार अनेक पॉलिसींमध्ये बसत नाहीत. पण डॉक्टरांपासून लपवलं म्हणून लिव्हरचे रिपोर्ट बदलत नाहीत. आणि लपवण्यात धोका थेट जिवाला असतो.

तो कसा?

समजा, रोज पिणारा माणूस हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. त्याची दारू अचानक बंद होते. साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, आपण कुठे आहोत हेही कळत नाही. नातेवाइकांना वाटतं, भुलीचा परिणाम असेल. वेळीच उपचार झाले नाहीत तर यात मृत्यूही होऊ शकतो.

डॉक्टरांना आधीच माहीत असेल तर ते त्यासाठीची औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व सुरू करतात, लक्ष ठेवतात. माहीत नसेल तर इन्फेक्शन शोधण्यातच वेळ जातो.

म्हणून "कधीतरी, मित्रांसोबत" एवढं सांगून भागत नाही. माप सांगा. व्हिस्कीच्या 180 मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज किती, आठवड्यातले किती दिवस, शेवटची कधी घेतली, सकाळी न घेतल्यास हात थरथरतात का, या चार गोष्टी डॉक्टरांना पुरेशा असतात.

घरच्यांसमोर बोलणं अवघड वाटतं? "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय," एवढं म्हणा. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनच आहे. अर्थात, क्लेम केला तर उपचारांचे कागद विमा कंपनीकडे जातात.

हे वाचून रोज पिणाऱ्याने आजपासून एकदम बंद करायचं ठरवलं, तर तेही घरच्या घरी करू नका. आधी डॉक्टरांना भेटा. सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल तर 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर मोफत बोलता येतं.

थोडक्यात, विम्याच्या अर्जात खरं लिहा आणि डॉक्टरांना खरं सांगा. पहिल्यात पैसे पणाला लागलेले असतात, दुसऱ्यात जीव.