स्टेपनी एकदा खाली उतरवून दाखवा



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खते यांवर लिहावे, त्याने ट्रकच्या पोटाखाली कशाला शिरावे, असे कोणी म्हणेल. पण फडातला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत माझी काळजी काही सुटत नाही.

गेल्या हंगामातली गोष्ट. नगर-मनमाड रस्त्यावर कोल्हारच्या अलीकडे रात्री उसाने भरलेला ट्रक मागचे चाक फुटून उभा होता. स्टेपनी होती, तिच्यात हवाही होती. पण ती खालून सुटेचना! हँडल फिरवले, तारेचा दोर सैल पडला, चाक मात्र जागच्या जागी. चालक खाली घुसून टायरला लाथा घालू लागला. त्याला आधी पाय धरून बाहेर ओढला. रिमसकट ते चाक शंभर किलोच्या आसपास भरते. सुटले असते तर थेट छातीवर. तेवढ्यात मागून आलेला एक मोटारसायकलवाला ट्रकला धडकता धडकता वाचला.

कारण साधे आहे. आपल्या काळ्या रानातला चिखल पाणंदीतून उडून चाकाच्या वर बसतो आणि वाळला की सिमेंट होतो. खाली रिमच्या भोकात दोराची पट्टी असते, ती गंजून रिमला धरते. दोन-दोन वर्षे कोणी हात लावत नाही, मग दुसरे काय होणार?

शेवटी दुसऱ्या गाडीच्या एका जुन्या चालकाने ते चाक काढले. चाकांना दगड लावले. गंजलेल्या जागी डिझेल सोडून अर्धा तास बिडी ओढत बसला (डिझेलपासून लांब, हे सांगायला हवे). दोर वीतभरच सैल ठेवला, खाली जुना टायर सरकवला. मग बाहेरच उभे राहून लांब पहारीने एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून रेटा. दहाव्या-बाराव्या रेट्याला चाक धप्पकन टायरवर आले. काहीजण अशा वेळी पेटता बोळा लावतात. तो वेडेपणा कृपा करून करू नका; हवा भरलेला टायर तापून फुटतो.

पहाटे गाडी हलली. पण तो ऊस आदल्या दिवशी तुटलेला. तुटल्यापासून उसाचे वजन घटते आणि त्यातली साखरही. वजन होते ते काट्यावर, फडात नव्हे. ज्या सभासदाचा तो ऊस, तो घरी झोपलेला. आपले किती गेले हे त्याला कधी कळायचेच नाही. उताऱ्याची घट तर सगळ्यांच्याच वाट्याला. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी आहे, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे गाडी ठेकेदाराची असली तरी तिचे भाडे तुम्हीच देता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वाहतूक करार करताना कागदपत्रे आणि रिफ्लेक्टर पाहतो तशीच स्टेपनीही पाहावी. नुसती आहे की नाही, एवढे विचारून भागणार नाही. आमच्यासमोर खाली उतरवून, पट्टी ब्रशने घासून, दोराला तेल देऊन परत वर चढवायची. वाहनमालक म्हणतात, साहेब, वेळ कुठे आहे? अहो, रस्त्यावर रात्र गेली तेव्हा वेळ कुठून आला? तहान लागल्यावर विहीर खणायची ही आपली जुनी खोड. वाहनमालकांत बरेचजण आपलेच सभासद आहेत, तेव्हा हे थोडे घरातले बोलणे समजावे.

जाता जाता एक गंमत. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ साली तिथे जादा चाके बनू लागली. रस्त्याचे नाव आपल्या वस्तीवरच्या पोरालाही पाठ झाले, चाक तेवढे गंजून राहिले.

करारासाठी गट कार्यालयात गाडी आणाल तेव्हा हँडल, जॅक आणि लांब पहार बरोबर असू द्या. मी स्वतः थांबणार आहे.

— ऊस विकास अधिकारी