ओपन जिमला गंज का चढतो?

परवा आमच्या गावातल्या ओपन जिमपाशी उभा होतो. सहा मशीन. त्यातली दोन मोडलेली, एकीवर कुणीतरी गोधडी वाळत घातलेली, बाकीच्यांवर गंज. बोर्ड मात्र चकाचक. कुणाच्या निधीतून, कुणाच्या प्रयत्नांतून, कुणाच्या शुभहस्ते, सगळं फोटोसकट. शेजारी एक पदाधिकारी होते. म्हणाले, "लोकच आळशी आहेत हो. आपण कितीही करा."

पत्रकारितेत वीसेक वर्षं झाली, हे वाक्य ऐकून कान किटले. पाणी योजना बंद पडली, लोक आळशी. वाचनालयाला कुलूप, लोक आळशी. आज जरा या वाक्याचाच समाचार घेऊ.

मुळशीतली माणसं आळशी? पहाटे पाचला पौड रस्त्याने या कधीतरी. पोरं पळताना दिसतील, थंडीत, अंधारात. पोलीस भरतीची तयारी. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. या पोरांना आरोग्याचं महत्त्व सांगायला कुणी आलं नव्हतं. समोर नोकरी आहे, तारीख आहे, म्हणून पळतात.

आता त्यातलीच जी निवडली गेली नाहीत आणि ज्यांचं वय उलटलं, ती दोन वर्षांनी बघा. कुणी कंपनीत बारा तासांची ड्युटी करतंय, कुणी टेम्पोवर आहे. पळणं बंद, पोट सुटलंय. पाय तेच, रस्ताही तोच. पळायचं कारण तेवढं संपलं.

दुसरं उदाहरण वारीचं. गुडघे दुखतात म्हणून घराची पायरी न उतरणाऱ्या आजी आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतात. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. याला व्यायाम म्हणालात तर त्या हसतील. पण दिंडीत त्यांची जागा ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो, आणि नाही दिसल्या तर "आज्जी कुठं राहिल्या?" म्हणून विचारणारं कुणीतरी असतं.

तिसरं तर आपल्या घरचंच. मुळशी कुस्तीचा तालुका. 2017च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी भूगावात झाली, अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा घेतली, तेव्हा माती बघायला गर्दी मावत नव्हती. पण मला आठवते ती गावातली जुनी तालीम. ना एसी, ना आरसे. लाल मातीचा हौद, भिंतीवर मारुती, आणि दारात वस्ताद. पोरगा एक दिवस आला नाही की दुसऱ्या दिवशी वस्तादाचा निरोप घरी. आधी हौद खणायचा, मग जोर, मग बैठका. आणि दरवर्षी गावच्या यात्रेला आखाडा. भरतीची तारीख एकदा येते आणि जाते. यात्रा दरवर्षी येते. म्हणून तालमीतला माणूस वर्षानुवर्षं टिकायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्यायाम सुरू होतो कशानंही. डॉक्टरनं घाबरवलं, लग्न जवळ आलं, मित्रानं पोटावरून चिडवलं. तो टिकतो मात्र तीन गोष्टींवर: ठरलेली जागा आणि वेळ, "काल का नाही आलास?" विचारणारा माणूस, आणि पुढे दिसणारा एखादा दिवस. ओपन जिममध्ये यातली फक्त जागा आहे. तीही उघड्यावर, आणि पाऊस मुळशीचा! जूनपासून चार महिने इथं लोखंड काय, माणूससुद्धा गंजतो.

स्वतःचंच सांगतो, उगाच दुसऱ्याला शहाणपण नको. गेल्या वर्षी मला शुगर निघाली. पावलं मोजणारं घड्याळ घेतलं, बूट घेतले, स्टेटस टाकलं. अकरा दिवस चाललो. बाराव्या दिवशी रात्री बातमीला उशीर झाला, सकाळी उठलो नाही, आणि विषय संपला. नंतर गल्लीतले एक रिटायर एसटी ड्रायव्हर म्हणाले, "सव्वापाचला फाट्यावर थांबतो." बस्स. ते थांबतात. म्हातारा माणूस अंधारात आपली वाट बघतोय, या लाजेनं मी उठतो. पावसाळ्यात देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारतो. एक वर्ष होऊन गेलं. घड्याळ कधीच ड्रॉवरमध्ये गेलं.

आणि ते "21 दिवस करा, सवय लागते" म्हणणारे. लंडनमधल्या विद्यापीठात 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला 254 दिवसांचा अंदाज. म्हणजे बाविसाव्या दिवशी अंथरूण सुटत नसेल तर तुमच्यात खोट नाही, तुमचं अजून व्हायचंय. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सगळं वाया जात नाही. हे मला बाराव्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

आता बायांचं बोलू, कारण तालमीचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. तिचं दार बायांना बंद होतं. 2024 साली लॅन्सेटच्या नियतकालिकात आकडे आले: भारतात निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुष 42 टक्के, बाया 57 टक्के. बाया जास्त आळशी आहेत का हो? पहाटे खांबावरचा दिवा बंद, मागे कुत्री, रस्त्याला कड नाही आणि अंगावर येणारे डंपर. उजाडलं की डबे, पाणी, पोरांची शाळा. तिला जागा नाही आणि वेळही नाही. वर तिलाच व्हॉट्सअ‍ॅपवर "स्वतःसाठी वेळ काढा" असले सुविचार!

कुणी म्हणेल, मग सरकारनं काय प्रत्येकाला अंथरुणातून उठवायला यायचं? अजिबात नाही. पण पैसा तर खर्च होतोच आहे ना? कधी आमदार निधी, कधी जिल्हा परिषद, कधी ग्रामपंचायत. तो लोखंडावर होतो, कारण लोखंडाचं उद्घाटन होतं. रोज सकाळी दार उघडणाऱ्या माणसाचं उद्घाटन करता येत नाही, त्याच्या मानधनात टक्का निघत नाही. खरं दुखणं इथं आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत नवीन मशीन मागू नका. हे मागा:

- गावातल्याच एखाद्या जुन्या पैलवानाला किंवा भरतीसाठी पळालेल्या पोराला, पोरीला महिन्याचं मानधन. काम एकच: वेळेवर यायचं, हजेरी घ्यायची, न आलेल्याला फोन करायचा.
- झेडपी शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ उघडं, आणि पावसाळ्यात समाजमंदिर.
- बायांसाठी ठरलेला तास, तोही त्यांना विचारून. तिथवरच्या रस्त्याला दिवे.
- यात्रेत आखाड्याबरोबर चाळिशीपुढच्यांची आणि बायांची पळण्या-चालण्याची स्पर्धा. बक्षीस नारळ-टोपी असलं तरी चालेल. तारीख पाहिजे.

ग्रामसभा 15 ऑगस्टला आहे. मी हात वर करणार आहे. तुम्ही आलात तर दोन हात होतील. आणि पुन्हा कुणी "लोकच आळशी" म्हणालं, तर त्यांना शांतपणे एवढंच विचारा: साहेब, त्या जिमवर तुमचा फोटो आहे, पण तुम्ही तिथं शेवटचे कधी आला होता?